कोल्बीच्या काखेतला चेंडू

सोमवारी सकाळी पहिला तास सुरू व्हायच्या आधीच हार्लन व्हॉस शाळेत आला आणि कोच वेंडेल स्टकींच्या टेबलासमोर टोपी हातात धरून उभा राहिला. आमच्या एल्डनमधलं धान्याचं कोठार हार्लनचं, आणि शाळेच्या मंडळाचा अध्यक्षही तोच. शिवाय दोघं एका वर्गात शिकलेले, त्यामुळे बोलणं जास्तच अवघड.

"वेंडेल, पुढच्या सोमवारी मंडळाची बैठक आहे. तुझा विषय निघणार."

"कशावरून?"

"पोरं तुझं ऐकत नाहीत, अशी लेखी तक्रार आलीय. अकरा सह्या आहेत."

"अकरा?"

"बारावी माझ्या बायकोची होती. मी तिला खोडायला लावली." हार्लनने टोपी या हातातून त्या हातात घेतली. "शुक्रवारच्या सामन्यात मर्टनच्या संघाला हरव. मग कुणी तोंड उघडणार नाही. नाहीतर तुला दुसरं गाव बघावं लागेल, वेंडेल. मला वाईट वाटतंय."

वाईट वाटत होतं हे खरं होतं. पण वाईट वाटून कुणाची नोकरी टिकत नाही. कोच बावीस वर्षं एल्डनमध्ये शिकवत होते. सत्तावन्नाव्या वर्षी परक्या गावात जाऊन नव्याने पोरांची नावं पाठ करायची, हे त्यांना झेपणारं नव्हतं.

त्या अकरा सह्यांच्या मुळाशी एकच पोरगा होता, कोल्बी ट्रॅस्क. वय वर्षं सतरा. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये चेंडू काखेत मारायचा आणि आडवे येणाऱ्यांनी लोळवायच्या आत जमेल तितकं पुढे पळायचं, एवढंच त्याचं काम. आणि पळायचा कसा म्हणता? समोर सहा जण दिसायचे, आणि डोळ्यांची पापणी लवते तोवर ते सहाही त्याच्या मागे असायचे. असा पोरगा आमच्या गावाने पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. पण उजवीकडून पळ म्हटलं की स्वारी डावीकडून जायची. सरावाला पाऊण तास उशिरा. एकदा तर सराव चालू असताना सशामागे धावत गेला तो जेवायच्या वेळेला परत आला. आणि धावताना मधेच चेंडू एका हातात उंच धरून लोकांना दाखवायची खोड. तेवढ्यात कुणीतरी हातावर फटका मारायचा की चेंडू गेलाच. तीन सामने, तीन वेळा चेंडू हातातून सुटला, आणि तिन्ही सामने हरलो. सांगून सांगून कोचच्या जिभेला फोड आले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

चेंडू सांडणाऱ्याला आठवडाभर चेंडू घेऊन हिंडायला लावायचं, ही आमच्याकडची जुनी शिक्षा. हार्लन गेल्यावर कोचनी कोल्बीला बोलावलं आणि एक जुना चेंडू त्याच्या काखेत खुपसला.

"आत्तापासून शुक्रवारच्या सामन्यापर्यंत हा, आणि सामना संपेपर्यंत तिथला, काखेतून काढायचा नाही. वर्गात, जेवताना, झोपताना. ज्याला हिसकावता येईल त्याने हिसकावावा. तू कुणालाही द्यायचा नाहीस."

"तुम्ही मागितलात तर?"

"मी मागितला तरी नाही."

"आणि गेला तर?"

"गेला तर माझी नोकरी गेली म्हणून समज," कोच म्हणाले. पोरापुढे असं बोलायला नको होतं. पण तोंडातून निघून गेलं खरं.

कोल्बी चेंडू काखेत घट्ट दाबून बाहेर गेला.

दुपारपर्यंत बातमी गावभर झाली. खाणावळवाल्या इर्मा डिट्झबाईंनी फळ्यावर खडूने लिहून टाकलं, जो कोल्बीचा चेंडू पाडेल त्याला महिनाभर रूबार्बचा पाय फुकट. आता रूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून भाजलेल्या, डिट्झबाईंच्या हातच्या त्या गोड पायसाठी आमच्या गावात सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले आहेत. पुढचं सांगायलाच नको. टपालवाल्याने पत्र देता देता हात घातला. दाताच्या डॉक्टरने कोल्बीचं तोंड उघडं असताना हात घातला. बुधवारी चर्चमधल्या जेवणाला पाद्रीबाबांनी सगळ्यांना डोळे मिटून प्रार्थना करायला सांगितलं, स्वतःचे उघडे ठेवले, आणि 'आमेन' म्हणायच्या आधीच हात घातला. चेंडू हलला नाही.

त्याच संध्याकाळी कोल्बीच्या आजीचा, ओपलबाईंचा, कोचना फोन आला.

"वेंडेल, पोरगा अंघोळीला चेंडू घेऊन गेलाय."

"जाऊ द्या ना, आजी."

"अरे, पण साबण कुठल्या हाताने लावणार तो? आणि गाडीच्या परवान्याची परीक्षा होती आज. एका हाताने गाडी चालवलीन. तपासणीस म्हणाला, तो चेंडू आधी मागच्या सीटवर ठेव. हा म्हणतो, नाही ठेवणार, कोचची नोकरी जाईल. नापास केलं त्याला."

कोच फोन ठेवून स्वयंपाकघरात येऊन बसले. त्यांची बायको लॉरेटा वाटाणे सोलत होती. "काय झालं?" तिने विचारलं.

"तो माझं ऐकतोय," कोच म्हणाले.

गुरुवारी मात्र प्रकरण अंगाशी आलं. धान्याच्या ट्रकमागे हार्लन स्वतः दबा धरून बसला होता. सत्तावन्न वर्षांचा माणूस, मंडळाचा अध्यक्ष, पण रूबार्बचा पाय म्हणजे रूबार्बचा पाय. कोल्बी जवळ येताच त्याने झेप घेतली. कोल्बी नुसता जरासा वळला. हार्लन जमिनीवर असा आदळला की त्याला मान वळवता येईना, आणि दवाखान्यातून तो गळ्यात पांढरा पट्टा बांधून बाहेर आला. बघायला गेलेल्या कोचशी तो एक शब्द बोलला नाही. त्याची बायकोच बोलली. बारावी सही तिने पुन्हा केली होती, हे तिने कोचना नीट समजावून सांगितलं.

शुक्रवारी सगळं गाव मैदानावर हजर. दुकानं बंद, खाणावळ बंद, पेट्रोलपंपावरसुद्धा चिटपाखरू नाही. कोल्बीने पहिल्याच धावेत वीस यार्ड मारले. मर्टनच्या तिघांनी मिळून त्याला लोळवला, वर बसले, ओरबाडलं. चेंडू सुटला नाही. मग पंच चेंडू घ्यायला आला. कोल्बीने त्यालाही दिला नाही. दुसरा पंच आला. त्यालाही नाही. दोघांनी मिळून ओढला, तेव्हा कोल्बी पंचांसकट चार पावलं पुढे सरकला. वेळ काढला म्हणून आम्हाला पाच यार्डांचा दंड झाला.

कोचनी त्याला कडेला बोलावलं. "अरे, पंचाला द्यायचा असतो."

"तुम्ही म्हणालात कुणालाही नाही."

"बरं, पंचाला द्यायचा. पंच सोडून बाकी कुणालाही नाही. कळलं?"

"कळलं, कोच."

त्यानंतर कोच सांगतील तिथून कोल्बी पळाला, सांगतील तसा पळाला. कोचचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तरी मर्टनवाले काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेवटची आठ सेकंदं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो, मर्टनच्या शेवटच्या रेषेपासून सहा यार्डांवर, आणि ती ओलांडली की सहा गुण. एकच डाव शिल्लक. इथे कोचनी आपला राखून ठेवलेला डाव काढला. चेंडू घेऊन कोल्बीने उजवीकडे पळायचं, सगळं मर्टन त्याच्यावर तुटून पडणार, आणि ऐन वेळी डावीकडून उलटा येणाऱ्या, आमच्याच संघातल्या एलायच्या हातात त्याने चेंडू द्यायचा. पंधरा दिवसांपूर्वी हा डाव चांगला घोटून घेतला होता. डावाचं नाव पुकारलं गेलं, पोरांनी माना हलवल्या.

कोल्बी उजवीकडे पळाला. मर्टनचे अकराच्या अकरा त्याच्या मागे. एलाय दोन्ही हात पसरून समोर आला. त्याच्यापुढे रेषेपर्यंत सगळं रान मोकळं होतं. बाकांवर एक हजार माणसं उभी राहिली. आणि कोल्बीने एलायच्या हातांकडे पाहिलं, आठवडाभर सबंध गावाच्या हातांकडे पाहिलं होतं तसंच, आणि चेंडू आणखी घट्ट दाबून धरला. अकरा जणांनी त्याला गाडला. शिट्टी वाजली. ढिगाऱ्यातून कोल्बी उठला, चालत पंचाकडे गेला आणि त्याने चेंडू नम्रपणे पंचाच्या हातात दिला.

"एलाय दिसला नाही का रे तुला?" कोचनी विचारलं.

"दिसला. पण तो पंच नव्हता."

कोचनी ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. तीन वर्षं ज्यासाठी देवाची करुणा भाकली, ते देवाने दिलं होतं. देवावर ओरडून काय उपयोग?

सोमवारी बैठकीला उभं राहायला जागा नव्हती. मधोमध हार्लन, मानेचा पट्टा बांधून. लॉरेटा पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. हार्लनने तक्रार वाचली, 'पोरं कोचचं ऐकत नाहीत,' आणि खाली बारा सह्या. मग मान वळवता येत नसल्यामुळे तो खुर्चीसकट कोल्बीकडे वळला.

"तू एलायला चेंडू का दिला नाहीस?"

"कोचनी सांगितलं होतं, पंच सोडून कुणालाही नाही."

"समोर रान मोकळं होतं ते दिसत होतं?"

"होय."

"दिला असतास तर आपण जिंकलो असतो, हे कळत होतं?"

"होय."

"आणि तरी?"

"कोचनी सांगितलं होतं," कोल्बी म्हणाला. "त्यांची नोकरी होती ना."

सभागृहात कुणीतरी खोकलं. लॉरेटाने रुमाल काढला. हार्लनने तो कागद पुन्हा वाचला. माणूस चरफडत होता, पण कागदावर लिहिलं होतं ते लिहिलं होतं, आणि हार्लन खोटं बोलणाऱ्यातला नव्हता.

"तक्रारीत तथ्य आढळत नाही," तो शेवटी म्हणाला. "वेंडेलला एक वर्ष वाढवून द्यावं. पण पुढचा सामना आपण जिंकलाच पाहिजे, हे वेगळं सांगायला नको."

मंगळवारी सरावाला कोल्बी दहा मिनिटं आधीच हजर होता. कोचनी त्याला उजवीकडून चार यार्ड पळायला सांगितलं. तो उजवीकडून चार यार्ड पळाला आणि थांबला. समोर सबंध मैदान रिकामं पडलं होतं.

"थांबलास का?"

"तुम्ही चार म्हणालात."

कोचनी टोपी काढली, कपाळ पुसलं. बाकीची पोरं बघत होती. कोच कोल्बीजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे बघ बाळा, आज मी काही सांगणार नाही. तू पूर्वी पळायचास ना, तसा पळ. तुला वाटेल तसा."

कोल्बी चेंडू काखेत धरून उभा राहिला. त्याने मैदानाकडे पाहिलं, मग कोचकडे पाहिलं.

"कोच," त्याने अदबीने विचारलं, "पहिलं पाऊल डावं टाकू की उजवं?"