सहा जादा सूर

महेंद्र जाधव अंबरनाथच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनची ड्रॉइंग वाचत आले होते. त्यामुळे कुळगावच्या कीबोर्ड क्लासमध्ये चैत्राली मिसने पाच रेघांवर लिहिलेले सूर दाखवले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "यात न समजण्यासारखं काय आहे? लिहिलंय तसं वाजवायचं."

मिसने वार्षिक कार्यक्रमासाठी एक छोटी धून दिली. ती जाधवांनी आणि आठ वर्षांच्या जिज्ञासाने मिळून वाजवायची होती. पुस्तक जिज्ञासाकडे राहिलं. जाधवांनी उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका दुकानातून त्या पानाची झेरॉक्स काढून आणली. नेमकी महिनाभर सेकंड शिफ्ट लागली, क्लास बुडाला आणि सराव घरीच सुरू झाला.

धून भलतीच अवघड निघाली. मधेमधे सहा काळे सूर असे होते, की त्यांना दांडीच नव्हती. दांडी नाही म्हणजे झटकन वाजवून मोकळं व्हायचं, असा अर्थ जाधवांनी आपल्या मनानेच लावला. ऐकताना गुळगुळीत रस्त्यावर स्पीडब्रेकर लागल्यासारखं वाटायचं. पण जे लिहिलंय ते सोडणाऱ्यातले जाधव नव्हते. महिनाभरात सहाही स्पीडब्रेकर बोटांत बसले.

कार्यक्रमाला हॉल भरलेला. दोघांनी एकदम सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीत फाटाफूट झाली. जिज्ञासा धून संपवून हात मांडीवर ठेवून बसली, तरी जाधव वाजवतच होते. शेवटी त्यांनी माईकसमोरच तिला समजावलं, की बाळा, घाईत तू सहा सूर खाल्लेस.

जिज्ञासाचे डोळे भरून आले. "मी नाही खाल्ले. पुस्तकात नाहीच आहेत ते."

मिसने पुस्तक आणि झेरॉक्स शेजारी शेजारी धरली. मग झेरॉक्सच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं. तिथेही तसलेच चार ठिपके होते.

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "झेरॉक्सवाल्याची काच घाण होती."

माईक चालूच होता. जाधवांनी त्याच माईकवर जिज्ञासाची माफी मागितली. ती लगेच हसली, आणि तिच्यामागोमाग अख्खा हॉल.

त्यांची बायको माया त्या दिवशी भाचीच्या हळदीला गेली होती, तेव्हा हे घरी सांगण्याचं काही कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी जाधवांनी पुस्तकच मागून आणलं आणि धून पहिल्यांदाच बिनचूक वाजवली.

माया स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, "महिनाभर इतकं छान वाजवत होता. आज मधलं मधलं का विसरताय?"