काकांच्या पँटमधलं नाणं

ताईच्या लाँड्रीत एक नियम होता. कपड्याच्या खिशात जे सापडेल ते छोट्या पाकिटात घालायचं, पाकीट हँगरला टाचायचं आणि गिऱ्हाईकाला परत द्यायचं. मग ते तिकीट असो, बटण असो नाहीतर अर्धी चघळलेली पेन्सिल. ताईचा धाकटा भाऊ, ज्याला सगळी गल्ली ठिणगी म्हणायची, त्याला या नियमाचा भयंकर वैताग होता.

"चघळलेली पेन्सिल कोण परत मागतंय, ताई?"

"मागो न मागो. पाकिटाची एक जरी तक्रार आली ना, तर इस्त्री खाली ठेवायची आणि घरी बसायचं. आईला मी सांगेन काय सांगायचं ते."

ठिणगीला घरी बसायचं नव्हतं आणि इस्त्रीही करायची नव्हती. त्याला एक जुनी बाईक घ्यायची होती आणि त्यासाठी त्याच्याकडे एकच रस्ता होता, नाणी. मोबाईलवर त्याने पाहिलं होतं, की कधीकधी टांकसाळीत नाण्याचा ठसा बनवतानाच चूक होते, आकडे दोनदा उमटतात आणि मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर सालाचे आकडे जोडीने येतात. असं नाणं हौशी लोक हातोहात घेतात. तेव्हापासून ठिणगी दिसेल त्या नाण्याला भिंग लावायचा. चहावाल्याचं, शेजाऱ्यांचं, भाच्याच्या गल्ल्यातलं. स्वतःच्या खिशातलं तेवढं राहायचं. ते काय, आपलंच.

त्या दिवशी मिशीवाल्या काकांची करडी पँट आली आणि खिशातून एक इवलंसं नाणं घरंगळलं. ठिणगीने सवयीने भिंग लावलं. सालाच्या प्रत्येक आकड्याला लागून दुसरा आकडा!

ताई आत मशीनपाशी होती. ठिणगीने शर्टाच्या खिशात हात घातला, तेवढ्याच किमतीचं नाणं काढलं, न बघताच पाकिटात सारलं आणि पाकीट टाचून टाकलं. 'चोरी कसली? नाण्याला नाणं दिलं की!' त्याने स्वतःलाच दरडावलं.

संध्याकाळी तो जुनी नाणीही पारखणाऱ्या घड्याळवाल्याकडे पळाला. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग चढवलं आणि लगेच उतरवलं.

"हे होय? हे काही नाही."

"काही नाही काय? डोळे तपासून घ्या तुमचे!"

"ओरडू नकोस. ये, बघ. हा दुसरा आकडा कसा चपटा आहे, पायरीसारखा? नाणं पाडताना ठसा जरा हलला, त्याने आकड्याची कड दाबली. असली पोत्याने मिळतील. खऱ्यात दोन्ही आकडे फुगीर असतात आणि कोपऱ्याला खाच दिसते."

ठिणगी तणतणत घरी आला. एवढं धाडस केलं आणि हाती काय, तर पायरी!

पँट घेऊन गेलेले मिशीवाले काका दोन दिवसांनी पुन्हा दुकानात आले. कपडे हातात नव्हते, पाकीट होतं.

"ताई, काहीतरी घोटाळा झालाय," काका म्हणाले. "माझ्या खिशात एक बिनकामाचं नाणं होतं. नाणी जमवायला लागलेल्या नवीन पोरांना दाखवायला ठेवतो, की बाबांनो, अशाला फसू नका. या पाकिटातलं मात्र अस्सल आहे. हे बघा, दोन्ही आकडे फुगीर, कोपऱ्याला खाच. चाळीस वर्षं शोधतोय मी असलं! हे माझं नाही. कुणाचंय?"

ताईने मान वळवली. "ठिणग्या, पाकीट तूच भरलंस ना? कुणाचं रे हे?"

ठिणगीने तोंड उघडलं. 'माझं' म्हणावं, तर ते पाकिटात गेलं कसं? जिभेच्या टोकावर बाईक उभी होती आणि तिच्यापुढे ताई.

"मला... काय माहीत," तो म्हणाला. "काकांच्याच पँटमधलं."

"झालं तर मग!" ताई म्हणाली. "काका, पाकिटातलं ते गिऱ्हाईकाचं. आमच्याकडे फेरफार होत नाही."

"अहो पण, याचे चांगले पैसे येतील..."

"लाखाचं असू दे. ठेवा म्हणते ना!"

काकांनी नाणं रुमालात गुंडाळलं. "आता माझं ते जुनं कुठे पडलं असेल, तर बघा हं जरा. सवयीचं आहे."

"ठिणग्या, शोध."

ठिणगी इस्त्रीच्या टेबलाखाली शिरला. तिथे अंधारात बसून त्याने स्वतःच्या खिशातून काकांचं नाणं काढलं, त्याच्यावर थोडी धूळ चोळली आणि बाहेर आला. "इथे... कोपऱ्यात होतं."

काकांचे डोळे पाणावले. "ताई, काय पोरगा आहे हो! दुसऱ्या कुणी एवढ्याशा नाण्यासाठी गुडघे घासले असते?"

"माझाच भाऊ आहे," ताई म्हणाली. गिऱ्हाईकासमोर ती पहिल्यांदाच असं म्हणत होती.

"मला अस्सल मिळालंय, आता याचं काय करू?" काकांनी ते पायरीवालं नाणं ठिणगीच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली. "राहू दे तुला. प्रामाणिकपणाचं बक्षीस."

ठिणगी मुठीकडे बघतच राहिला.

"अरे, थँक्यू म्हण की काकांना!" ताई म्हणाली.