मागच्या ॲक्सलचा गुलाल

"विनता, मोज!" गाडीखालून श्रीपादरावांचा आवाज आला. बाहेर फक्त त्यांचे पाय दिसत होते.

विनताबाईंनी पुठ्ठ्यावरच्या तेलाच्या डागाला फूटपट्टी लावली. "साडेचार सेंटिमीटर. काल चार होता."

"म्हणजे वाढून राहिलं! काहून पण?"

गाडी श्रीपादरावांच्या वडिलांची, सत्तर वर्षांची. तेल गळत होतं मागच्या ॲक्सलमधून, आणि रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. नियम एकच. गाडीखाली पांढरा कागद दहा मिनिटं ठेवायचा. एक थेंब पडला की गाडी बाद. गेल्या वर्षी ती बाद झाली होती. बाद करणारा श्यामसुंदर हा फॅक्टरीच्या तपासणी विभागात अठरा वर्षं श्रीपादरावांच्याच हाताखाली होता. "सर, नियम तो आपने ही सिखाया है," असं तो हात जोडून म्हणाला होता. ते हात जोडणंच श्रीपादरावांना जास्त लागलं.

तेव्हापासून ॲक्सलच्या दोन्ही टोकांची ऑइल सील बदलून झाली, मधल्या गिअरच्या गोळ्याचंही बदललं. गळती कायम.

"अंदाज पुरे झाले," तीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलेल्या विनताबाई म्हणाल्या. "ॲक्सल डिझेलनं स्वच्छ पुसा, वर पावडर मारा आणि गाडी फिरवून आणा. जिथं पहिल्यांदा ओलं होईल तिथं गळती."

पावडरच्या डब्यात नुसता वास उरला होता. मुलगा अनुपम कपाट धुंडाळून होळीचं उरलेलं पुडकं घेऊन आला. "आई, गुलाल चलेगा? दोन किलो आहे."

"चालेल. ओला झाला की गडद दिसेल."

घराजवळच्या मदन महलच्या उतारावरून गाडी हळूहळू उतरली तोवर सगळं ठीक होतं. खाली मोठ्या रस्त्यावर वेग वाढला, आणि मागे गुलाबी ढग उठला. त्या सकाळी वॉर्डाच्या निवडणुकीचा निकाल लागत होता. गुलाल उधळत येणारी जुनी गाडी पाहून लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. वाटेत रिकामा उभा असलेला बँड मागे लागला. घमापुरच्या चौकात लोकांनी गाडी अडवली.

"बधाई हो, अंकलजी! किधर से?"

"वही तो देखने निकले हैं, भैया," श्रीपादराव प्रामाणिकपणे म्हणाले. "शायद पीछे, बाएँ से."

गळ्यात हार पडला. "अंकलजी जिंदाबाद!"

"बाबा, हात हिलाओ," अनुपम कुजबुजला. "नाहीतर जाऊ नाही देणार."

श्रीपादराव हात हलवू लागले. विनताबाई मात्र टॉर्च आणि पाना घेऊन उतरल्या, आणि नाचणाऱ्या पायांमधून वाट काढत गाडीखाली वाकल्या. डावं टोक ओलं, उजवं ओलं, मधला गोळाही ओला. सगळीकडूनच गळत असेल तर दोष सीलचा नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तेल भरायच्या भोकाचा बोल्ट सैल केला. तेलाची धार थेट ढोलवाल्याच्या पांढऱ्या बुटांवर गेली.

"एवढं तेल भरलं कोणी?"

"मी," हार सावरत श्रीपादराव म्हणाले. "रोज सकाळी. फॅक्टरीची सवय. शिफ्ट सोडताना तेल पुरं करायचं, पुढच्याला कमी नाही पडलं पाहिजे."

"मैं भी थोड़ा..." अनुपम म्हणाला. "संध्याकाळी. तुम्हाला बरं वाटावं म्हणून."

दोघं विनताबाईंकडे पाहू लागले.

"बुधवारी," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "दोनशे मिलिलीटर. मोजून."

"पण आपण तर भोकाच्या काठापर्यंतच भरून राहिलो होतो ना!" श्रीपादराव म्हणाले.

विनताबाईंनी एकदा चौकाच्या सपाट रस्त्याकडे पाहिलं, मग घराच्या दिशेनं. घरी गाडी उतारावर उभी असे, नाक खाली, शेपूट वर. गोळ्याच्या मागच्या अंगाचं भोकही वर. काठ गाठायला दर वेळी जास्तच तेल लागणार. तीस वर्षं त्या फळ्यावर तिरपा ग्लास आणि त्यातलं सपाट पाणी काढत आल्या होत्या. आता त्या धार थांबेपर्यंत थांबल्या आणि बोल्ट घट्ट केला.

रविवारी श्यामसुंदर घड्याळ घेऊन कागदापाशी उकिडवा बसला. आठ मिनिटं काही नाही. नवव्या मिनिटाला कागदावर काहीतरी पडलं. श्रीपादरावांनी डोळे मिटले.

श्यामसुंदरनं बोट लावलं, वास घेतला. बोट गुलाबी झालं, नाकही. "सर, ये तेल नहीं है."

"नहीं."

"तो क्या है?"

"वो... चुनाव का है."

त्यानं नियमांचं पत्रक दोन्ही बाजूंनी वाचलं, मग लिहिलं : 'तेल नहीं. गुलाल है. पास.' आणि हात जोडले. या वेळी श्रीपादरावांनीही जोडले.

निघण्यापूर्वी त्यांनी सवयीनं डिकी उघडली. तेलाचा डबा नव्हता. तिथं पाण्यानं अर्धी भरलेली बाटली होती, तिच्यावर चारी बाजूंनी पेननं आडवी रेघ, आणि गळ्यात विनताबाईंच्या अक्षरातली चिठ्ठी : 'आधी ही बघा.'

त्यांनी बाटली जमिनीवर ठेवली आणि वाकून पाहिलं. पाणी चारी बाजूंनी बरोबर रेघेवर होतं.

"सपाट आहे," ते आनंदानं म्हणाले. "मग घालू का थोडं?"