झुडपामागचं म्हातारं अस्वल

प्रवासाचं नियोजन करावं तर ते मीच! निदान आयोवातून निघताना तरी मला तसं वाटत होतं. सगळं आयुष्य गावच्या ग्रंथालयात काढलेला माणूस मी. नकाशे घेतले, पक्ष्यांची पुस्तकं घेतली आणि मुख्य म्हणजे, वाटेतलं एकूण एक स्वच्छतागृह नकाशावर लाल टिंब देऊन ठेवलं. प्रोस्टेटवाल्या माणसाला निसर्गसौंदर्य दोन टिंबांच्या मधे दिसेल तेवढंच दिसतं!

"विल्मर, काय सुंदर माळ आहे बघ!" बायको, म्हणजे आर्डिस, म्हणायची.

"सुंदरच आहे. पुढचं टिंब किती लांब आहे?"

वायोमिंगमध्ये एक टिंब बंद निघालं. दाराला साखळी! त्याच्या पुढचं थेट नॅशनल पार्कच्या आत. मधे क्षितिजापर्यंत नुसतं गवत, आणि तेही घोट्याएवढं.

"इथंच उतर की. कोण बघतंय?"

"त्या गाई."

"गाईंना काय पडलंय तुझं!"

"मग सगळ्या एकदम वळून का बघताहेत?"

नाही उतरलो. पार्कात शिरेपर्यंत माझी अवस्था झाकण उडायला आलेल्या किटलीसारखी झाली होती. रस्त्याकडेला पहिलं दाट झुडूप दिसलं, गाडी थांबवली आणि पळालो!

माझ्या वयात हे काम सरकारी कचेरीसारखं चालतं. अर्जाची घाई, निकाल सावकाश. निकाल लागला तर चेनमध्ये शर्ट अडकला. तो सोडवतोय तोच रस्त्यावर गाडीचं दार वाजलं.

"काय दिसलं, मॅडम?"

पानांतून पाहिलं. टोपलीएवढी हॅट, टेक्सासचा भरदार आवाज, गळ्यात दुर्बीण. या पार्कात कुणी कडेला थांबलं की त्याला जनावर दिसलं असंच मागचे धरून चालतात.

"काही नाही हो," आर्डिस म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही, आणि नवरा कुठल्या कामाला गेलाय हे परक्या पुरुषाला सांगणंही तिच्या चर्चच्या शिकवणीत बसत नाही.

"काही नाही म्हणजे अस्वल!" हॅटवाला मागं वळून ओरडला. "अस्वल आहे रे!"

झालं! गाड्या थांबल्या, आत राहायची सोय असलेल्या कॅम्पर-गाड्या थांबल्या, म्हाताऱ्यांनी भरलेली एक सहलीची बस थांबली. कॅमेऱ्यांच्या तिपाया उभ्या राहिल्या. सगळ्यांची तोंडं माझ्या झुडपाकडे!

"मोठं आहे का हो?" एका बाईंनी विचारलं.

"बेताचंच," आर्डिस म्हणाली.

"रंग?"

"तपकिरी." माझा स्वेटर तिनंच विणलेला.

"चवताळलेलं?"

"छे! म्हातारं आहे. तसं गरीब आहे हो. फक्त वेळ फार लावतं."

मागच्या मागं सटकावं म्हणून वळलो, तर मागं कडा आणि खाली नदी! झुडूप हललं.

"हललं! हललं!"

एक चिलट घशात गेलं म्हणून जरा खाकरलो.

"गुरगुरलं!"

तेवढ्यात पार्कची रेंजर आली. माझ्या नातीच्या वयाची पोर, हातात बंदूक. "सगळे मागं व्हा! अस्वल रस्त्याच्या इतकं जवळ आलेलं चालणार नाही. रबरी गोळी घालून हुसकावते."

"कुठं मारणार?" हॅटवाल्यानं आपुलकीनं चौकशी केली.

"ढुंगणावर."

आजवर कुठल्याही गर्दीत कुणाच्या नजरेत भरलो नाही, आणि आता एवढ्या लोकांसमोर तिथं गोळी खायची?

"अहो, नका!" आर्डिस किंचाळली. "त्याला आधीच सायटिका आहे!"

"अस्वलाला?" हॅटवाला म्हणाला. पण पोरीनं तोवर बंदूक खांद्याला लावली होती.

आता बोलणं भाग होतं. जन्मभर लोकांना गप्प बसा म्हणत आलो, स्वतः कधी आवाज चढवला नाही. ओरडायचं म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच:

"माफ करा... हे झुडूप वापरात आहे."

मी हात वर करून बाहेर आलो. अर्धा शर्ट चेनमधून लोंबत होता.

"हात्तिच्या! माणूसच आहे!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या रस्त्यानं निराश उसासा सोडला. माणूस असल्याचा इतका पश्चात्ताप मला आयुष्यात झाला नव्हता. रेंजर पोर माझ्याहून लाल झाली होती.

खाली मान घालून गाडीकडे निघालो, तर हॅटवाला आडवा आला. आता हा हसणार! मी डोळे मिटले. त्यानं हॅट काढली आणि कानाशी वाकून विचारलं, "साहेब, तिकडं घसरडं नाही ना?"

"नाही. फार मागं मात्र जाऊ नका, कडा आहे."

तो अगदी रुबाबात झुडपामागं गेला. बसमधले दोघं त्याच्या मागं. मग आणखी तिघं. सगळे माझ्याच वयाचे.

गर्दीतून कशीबशी गाडी काढली. समोरून नवी गाडी आली, काच खाली झाली. "तिकडं काय आहे हो? अस्वल?"

मी सीटमध्ये खाली खाली सरकलो. आणि जन्मात खोटं न बोललेली माझी आर्डिस खिडकीतून वाकून म्हणाली, "पाच-सहा आहेत! सगळी म्हातारी. सावकाश जा, त्यांना वेळ लागतो."