मनकर्णाबाईंच्या गोळ्यांचा उपास

आयुष्यात एकही व्रत अर्धं सोडलं नाही, हे मनकर्णाबाई मोर्शीत कोणालाही सांगत. न विचारता सांगत. सोळा सोमवारांचा शेवटचा सोमवार महिन्यावर आला होता, आणि नैवेद्याचा चुरमा स्वतःच्याच हातानं चुरायचा, हा त्यांचा नेम. नेमका तेव्हाच संत्र्याचा काटा उजव्या अंगठ्यात शिरला. अंगठा टरारून लहानसं वांगं झाला!

डॉक्टर रागिणीताईंनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ, जेवणावर. बाईंनी शब्दशः पाळलं. सोमवारी उपास, गोळी नाही. गुरुवारी उपास, गोळी नाही. शनिवारी एकादशी निघाली. सून आचल बोलायला गेली, तर बाईंनी हळूच विचारलं, "जेवणावर घ्या म्हणलं ना? जेवणच नाही, तं कशावर घेऊ?"

तेवढ्यात सूज उतरली. उरलेल्या गोळ्या शेजारच्या सुंदराबाईंना दिल्या. त्यांना खोकला होता. दानही घडलं!

चार दिवसांत अंगठा पुन्हा फुगला, आता भरताच्या वांग्याएवढा. पू तपासायला अमरावतीला गेला. अहवाल आला, की पहिल्या गोळ्यांना हे जंतू जुमानतच नाहीत.

"मी कोणता नेम मोडला?" बाईंनी विचारलं.

"उपास तुमचा होता मावशी, जंतूंचा नव्हता," रागिणीताई म्हणाल्या. "कच्चे होते ते मेले. तुमी मधात सुट्टी देल्ली, तशे चिवट तेवढे उरले अन् वाढले."

बाईंना ते फार लागलं. आपल्याच अंगात राहायचं, आपलंच खायचं आणि आपल्यालाच जुमानायचं नाही! घरी येऊन त्यांनी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडला. नव्या गोळ्या, दहा दिवस, एकही चुकणार नाही.

"अन् उपासाले?" नत्थुजींनी बायकोला भीतभीत विचारलं.

"साबुदाण्यावर घेईन, पण घेईन. पाहतो कोण चिवट हाय ते."

दहा दिवस घड्याळ चुकलं असेल, बाई चुकल्या नाहीत. सोळाव्या सोमवारी बरा झालेला अंगठा चुरम्यात ऐटीत फिरत होता. तेवढ्यात सुंदराबाई खोकत आल्या. या वेळच्या गोळ्या उरल्या का, म्हणून विचारायला.

मनकर्णाबाईंनी रिकामं पाकीट दाखवलं. "व्रत अर्धं सोडत नाही मी."

"राहू दे मंग. तुह्या मागच्या चार हायेत ना, त्याच घेतो."

मनकर्णाबाई तुपाच्या हातांनी धावल्या. सुंदराबाईंच्या फडताळातला डबा उघडला. घराघरातून उरलेल्या गोळ्या, सगळ्या वेटाळाची अर्धी सुटलेली व्रतं त्यात होती.

सगळ्यात वर बाईंचंच होतं.