सावद्याहून आलेले सहा घड

नीलेश नारखेडेच्या फ्रिजवर पंधरा दिवसांपासून एक कागद चिकटवलेला होता. मधोमध उभी रेघ, डावीकडे जळगावात राहण्याचे फायदे आणि उजवीकडे तोटे. फायद्यांत स्वतःचं घर, मोकळी गच्ची, पाच मिनिटांवर भाजीबाजार, हिरव्या वांग्याचं भरीत असं बरंच काही होतं. तोट्यांत मे महिन्याचं ऊन, नाटक नाही, बढती नाही, आणि सगळ्यांत खाली, परवा बायको लग्नाला गेल्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलेलं: 'नूतनचं मन रमत नाही.'

पुण्याच्या ऑफिसला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. एक जूनपासून पुण्यात हजर व्हा, नाहीतर खुशाल जळगावात बसून काम करा, पण मग बढतीचं नाव काढू नका. नीलेश मूळचा सावद्याचा. अकरावीला पुण्याला गेला तो तब्बल अठरा वर्षांनी, गेल्या जूनमध्ये, जळगावात परत आला. त्याला इथंच राहायचं होतं. आपली माती, आपली माणसं, असं तो ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा ऐकवायचा. पण बायको पडली कोथरूडची. आल्यावर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "इथं मला कुत्रंसुद्धा ओळखत नाही रे." ते वाक्य नीलेशनं वर्षभर काळजात जपून ठेवलं होतं. तिच्यासाठी आपण पुण्याला परत जायचं, हे त्यानं मनोमन ठरवून टाकलं. त्यागी माणसांची ही एक खोड असते. ज्याच्यासाठी त्याग करायचा, त्याला ती कधी विचारत नाहीत.

गेल्या बुधवारी त्यानं सावद्याला भाईदासकाकांना फोन लावला. आम्ही परत चाललो, हे सांगायला. पण काकांचा आवाज ऐकला आणि त्याची जीभ वळेना.

"काका, ते... एक सांगायचं होतं."

"बोल ना भो, असा अडखळून काहून राह्यला?"

"ते... घरची केळी आहेत का? दोन-चार पाठवली असती तर..."

"दोन-चार? मले लाज आनतो का रे? उद्याच धाडतो!"

दुसऱ्या दिवशी दारात पिकअप उभी राहिली आणि तिच्यातून हिरवेगार सहा घड उतरले. एकेका घडाला नऊ-दहा फण्या. "आठेक दिवसांनी पिकतील," असं सांगून ड्रायव्हर गेला. नीलेशनं ते मागच्या खोलीत ठेवले, उन्हाची झळ नको म्हणून खिडक्या लावल्या आणि वरून गोणपाट टाकलं. त्याच खोलीत खाटेखाली नूतननं आंब्याची आढी लावली होती. पिकत्या आंब्याशेजारी कच्ची केळी ठेवू नयेत, हे सावद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण नीलेशला आपली माती आठवत होती, तिच्यात उगवणाऱ्या मालाचं काय करायचं ते मात्र तो विसरला होता.

शुक्रवारी नूतन शेजारच्या धुरपदाबाईंबरोबर त्यांच्या भाचीच्या लग्नाला धुळ्याला गेली. 'बिचारी! वेळ जात नाही म्हणून शेजारणीच्या भाचीची हळद बघायची पाळी आली,' असं नीलेशला मनापासून वाटलं.

रविवारी सकाळी त्यानं मागच्या खोलीचं दार उघडलं आणि तो दारातच थबकला. सहाच्या सहा घड पिवळेधमक झाले होते. सातशेच्या वर केळी, आणि उन्हाळा असा की उद्या ती काळी पडणार. फेकून द्यायचीही सोय नव्हती. काकांची केळी उकिरड्यावर गेली ही बातमी दुपारच्या जेवणाआधी सावद्यात पोचली असती. शेवटी त्यानं दोन बादल्या भरल्या आणि वर्षात पहिल्यांदाच समोरच्या घराची बेल वाजवली.

दार उघडलं ते रतिलालशेठनी. त्यांनी आधी बादलीकडे पाहिलं.

"नको रे भाऊ. आमची मुलगी चोपड्याला दिली आहे. घरात केळीच केळी."

"विकायला नाही आलो. मी समोर राहतो."

"समोर? समोर तर नूतनताई राहतात."

"मी त्यांचा नवरा."

"अरे! नूतनताईंचे मिस्टर? या, या! अहो ऐकलं का, नूतनताईंचे मिस्टर आलेत!" आतून शेठाणी लंगडत आल्या. लंगडत म्हणजे, पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लंगडत, असं त्यांनीच सांगितलं. नूतनताई रोज दुपारी येऊन गुडघ्याचे व्यायाम करून घेतात म्हणे. नीलेशला हे नवीन होतं. रोज दुपारी तो कानाला हेडफोन लावून आपल्या मातीत बसलेला असायचा.

शेठाणींनी मोठ्या मनानं दोन फण्या ठेवून घेतल्या. पण भरलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यांनी बादलीत घालायला काहीतरी शोधलं आणि घरात जे मुबलक होतं तेच घातलं. चोपड्याच्या तीन फण्या.

पुढच्या घरी प्रेमराज सर. त्यांनी चष्मा वर करून नीलेशला नीट न्याहाळलं.

"तुम्ही इथंच असता? ताई सांगायच्या, मिस्टर फार कामात असतात. आम्ही धरून चाललो, परदेशात असतील."

सरांनीही एक फणी घेतली, आणि बादलीत रावेरची एक फणी नि वर उडदाचे पापड ठेवले. तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरीही तेच. सगळीकडे त्याची ओळख एकच, आणि सगळीकडे नूतनबद्दल काहीतरी ऐकायला मिळे. कुणाच्या मुलीला तिनं चित्रकला शिकवली होती, कुणाला बँकेचा फॉर्म भरून दिला होता, कुणाशी नुसतीच भांडून मग गट्टी केली होती. तासाभरानं नीलेश घरी आला तेव्हा त्याच्या बादल्या जाताना होत्या त्यापेक्षा जड होत्या.

मग त्यानं गाडी काढली आणि डिकी भरून गावाबाहेरची गोशाळा गाठली. तिथला माणूस केळी बघून हसायलाच लागला. "साहेब, रोज दोन टेम्पो येतात. आमच्या गायींनी केळ्याकडे बघणं सोडलंय. कडबा असेल तर बोला."

घामानं भिजलेला नीलेश डिकी तशीच घेऊन परत आला. गाडीतला एसी बंद पडल्यामुळे काचा खाली होत्या, आणि त्यामुळेच कॉलनीच्या फाटकावर पहिल्यांदा त्याची निंबाशी गाठ पडली. निंबा वॉचमन. त्यानं वाकून आधी नीलेशकडे, मग केळ्यांकडे पाहिलं आणि वही पुढे केली.

"नाव लिहा. कोणाकडे जायचंय?"

"अरे, मी इथंच राहतो!"

"मला सहा महिने झाले इथं. सगळ्यांना ओळखतो मी. तुम्हाला कधी पाह्यलं नाही."

"गाडी तरी ओळखतोस ना?"

"गाडी ओळखतो. नूतनताईंची आहे. तुमच्याकडे कशी आली तेच विचारतोय."

मागं दुसरी गाडी हॉर्न वाजवायला लागली. नीलेशनं मुकाट्यानं पेन घेतलं. नाव: नीलेश नारखेडे. कोणाकडे: नूतनताई. काम: केळी. लिहिता लिहिता त्याला हसू येत होतं, आणि सही करताना एकदम भरून आलं. अठरा वर्षं त्यानं ज्या माणसांची आठवण काढली, त्यांच्यात राहून त्यानं वर्षभरात एकाला नाव विचारलं नव्हतं.

संध्याकाळी नूतन आली. मेंदीभरले हात, आवाज बसलेला, मागून धुरपदाबाई. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. केळ्यांच्या मधोमध नीलेश बसला होता.

"हे काय?"

"काकांची केळी. सगळी एकदम पिकली. नूतन, एक विचारू? तुझं इथं मन रमत नाही ना?"

"कोणी सांगितलं?"

"तूच. इथं कुत्रंसुद्धा ओळखत नाही म्हणालीस."

"कधी?"

"मागच्या जूनमध्ये."

"अरे, मागच्या जूनमध्ये मला गॅसवालाही माहीत नव्हता!" नूतन हसायला लागली, आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. "तू म्हणून पुण्याला जायचं ठरवत होतास? मला वाटलं, तुलाच करमत नाही. दिवसभर खोलीचं दार लावून बसतोस. जेवताना बोलतोस ते सावद्याबद्दल, तेही तू दहावीत असतानाच्या. मी म्हटलं, ह्याला जायचं असेल तर आपण कशाला अडवा?"

नीलेशनं केळी बाजूला सारून तिला बसायला जागा केली.

धुरपदाबाईंना या नवरा-बायकोच्या बोलण्यात रस नव्हता. त्यांनी एक केळं दाबून पाहिलं. "इतलं कोन खाई व माय! सकायमा बठ्ठं सोला नि गच्चीवर वायत घाला. ऊन तर फुकटच शे ना!"

तोट्यांच्या यादीतलं पहिलं कलम असं पहिल्यांदाच कामाला आलं. सोमवारी सकाळी सातला नूतननं एक मेसेज टाकला आणि साडेसातला गच्ची भरली. रतिलालशेठ, शेठाणी, प्रेमराज सर, सगळे खाली बसून केळी सोलत होते, लांब काप करून स्वच्छ धोतरांवर मांडत होते. मध्ये नीलेश. कोपरापर्यंत चिकट, आणि चुकला की बोलणी खात.

"असं नाही हो केळीवाले, पातळ चिरा!"

"सावद्याचे ना तुम्ही? मग केळं कसं धरतात ते शिकवायचं का आम्ही?"

दहा वाजता पुण्याहून फोन आला. हात चिकट म्हणून नूतननं तो त्याच्या कानाला धरला. पलीकडच्या बाईंनी त्याचा निर्णय विचारला.

"मी इथंच थांबतो," नीलेश म्हणाला. "बढती राहू द्या."

"कौटुंबिक कारण लिहू का?"

"नाही. बायकोचं चांगलं चाललंय. माझं अजून बस्तान बसायचंय."

खाली जाऊन नूतननं फ्रिजवरच्या कागदावर 'नूतनचं' खोडलं आणि तिथं 'नीलेशचं' लिहिलं. कागद काढला मात्र नाही. म्हणाली, "राहू दे, वर्षभरानं बघू."

पंधरा दिवसांनी ऑफिसातून पुन्हा त्याच बाईंचा फोन आला. आवाजात काळजी होती.

"सर, नव्या कराराची कागदपत्रं पाठवली होती. कुरिअर परत आलं. वॉचमननं सांगितलं, या नावाचं इथं कोणी राहत नाही."

नीलेश त्या वेळी रतिलालशेठच्या ओट्यावर चहा पीत होता. फाटकापाशी बसलेल्या निंबानं त्याला पाहून हात वर केला, त्यानंही केला.

"पुन्हा पाठवा," तो म्हणाला. "फक्त नावाच्या आधी 'केळीवाले' लिहा. म्हणजे बरोबर पोचेल."