ताजमहालाचा कौल

तुळसाकाकींनी ताजमहालाचं नाव काढलं की महिपतराव खिळ्यावरचं कॅलेंडर उतरवून मांडीवर घेत. जन्मभर रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरच्या खुर्चीत बसून त्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या होत्या. स्वतः लांबच्या गाडीत बसायचं म्हटलं की मात्र त्यांना धास्ती वाटे. आता असं बायकोपाशी कबूल कोण करतो? ते सगळा दोष हंगामावर ढकलत.

“डिसेंबरात जाऊया की,” काकी म्हणत.

“डिसेंबरात तिकडे धुकं असतं गो. ताजमहालासमोर उभी राहशील आणि मलाच विचारशील, कुठाय ताजमहाल?”

“मग पावसाळ्यात?”

“आणि लावणी कोण करणार? तुझा भाऊ?”

“गणपती झाल्यावर?”

“भात कापायला येतं.”

“शिमगा झाल्यावर तरी?”

“उन्हाळ्यात? तिकडे पाखरं उडता उडता भाजतात म्हणे! शिवाय झाडावर आंबा, घरात मुंबईचे पाहुणे.”

असं करता करता कॅलेंडरं बदलत गेली, महिपतराव निवृत्त झाले, दोघं संगमेश्वरजवळच्या गावच्या घरात राहायला आली, तरी योग्य हंगाम काही उगवला नाही. तुळसाकाकींची ही नुसती हौस नव्हती. धाकट्या दिराने कधीतरी आणलेला प्लास्टिकचा ताजमहाल शोकेसमध्ये होता, आत दिवा लागणारा. तो पुसताना त्यांना वाटे, आपल्या वाट्याला हा एवढाच यायचा. आणि मग त्यांना खरंच रडू येई.

यंदा शिमग्याच्या आदल्या दिवशी त्यांनी फडकं खाली ठेवलं. “तुमच्याकडनं काय ठरत नाय. आता देवालाच विचारा.”

महिपतरावांना तर हे आयतंच मिळालं. गावात विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, अडलं की ग्रामदेवतेला कौल लावायचा ही रीत. काशीराम गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवी. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण विचारायचं काय, हे विचारणारा ठरवतो! महिपतरावांनी काशीरामला बाजूला घेऊन असा प्रश्न पढवला, की कुठलाही शहाणा देव नाहीच म्हणेल.

शिमग्याची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर येऊन बसली होती. गावाच्या वरची आणि खालची, दोन्ही वाड्या जमल्या होत्या. काशीरामने हात जोडून आवाज लावला.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” गाव गरजला.

“ह्यो तुजा लेक महिपत, भर मे महिन्याच्या उन्हात, आंबा झाडावर टाकून, घरात पाव्हनं असताना, आग्र्याला ताजमहाल बगाय जाऊ काय म्हनून इचारतोय. त्याका काय ती वाट दाव, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

महिपतरावांनी तुळसाकाकींकडे तिरक्या नजरेने पाहून घेतलं. काकी डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या. तेवढ्यात उजवी पाकळी पटकन खाली पडली.

“वाऱ्यानं पडली ती!” महिपतराव ओरडले. “काशीराम, परत लाव.”

“देवाला खुळा समजलास काय?” काशीराम म्हणाला. “एकदा बोलला, झाला.”

इथवर प्रकरण नवरा-बायकोपुरतंच होतं. पण वरच्या वाडीचे मानकरी धाकूभाऊ टोपी सावरत उठले. “कौल गावासमोर झाला, म्हंजे तो गावाचा. येकटा महिपत गेला नि गाव घरात बसला, तर देव काय म्हनंल?”

खालच्या वाडीचे मानकरी बाबाजी ताबडतोब उठले. धाकूभाऊ बसले की बाबाजींनी उठायचं, हा त्यांचा नेम होता. “वरची वाडी जानार आसंल तर खालची वाडी बी जानार!”

“अहो, पण पाहुणे?” महिपतराव काकुळतीला आले.

“पाव्हनं बी येतील,” बाबाजी म्हणाले. “त्यांना काय घरात कोंडून ठेवतोस?”

अशा रीतीने मे महिन्यात अख्खं गाव, पाहुण्यांसकट, रेल्वेत बसलं. तिकिटं मिळणार नाहीत ही महिपतरावांची शेवटची आशा होती, पण तीही फोल ठरली. लहान मुलाने आईचा पदर धरावा तसा खिडकीचा गज धरून ते बसले, आणि दर स्टेशनावर गाडी वेळेत आहे हे पाहून त्यांना जास्तच वाईट वाटत होतं. समोर तुळसाकाकी मात्र नव्या साडीत, खिडकीबाहेरचं एकही झाड न चुकवता बसल्या होत्या.

आग्र्यात ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. गाव ताजमहालाच्या दारापाशी पोचलं. तिकिटं निघाली. धाकूभाऊंनी सदरा झटकला, घसा खाकरला आणि पाऊल उचललं. बाबाजींनी त्यांच्यासमोर काठी आडवी धरली.

“थांबा. पयलं पाऊल कुनाचं?”

गावात पालखीला पहिला हात कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, हे सगळं पणजोबांच्या काळीच ठरून गेलं होतं. ताजमहालाचं मात्र कुणी ठरवून ठेवलं नव्हतं. पणजोबांचा हा हलगर्जीपणा आता भोवला.

“देवळाच्या पायरीला पयला मान वरच्या वाडीचा,” धाकूभाऊ म्हणाले.

“हां! पन ह्यां देऊळ हाय काय? ही कबर हाय. मयताला पयला खांदा खालच्या वाडीचा!”

मुद्दा बिनतोड होता. धाकूभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली. मग ते म्हणाले, “मयत कवाचा? जुना मयत खांद्यात धरत नाय.”

दारावरचा जवान पुढे आला. “अंदर जाना है या नहीं?”

“साब, मान का सवाल है,” महिपतराव एसटीतल्या हिंदीत म्हणाले. “जरा दम खाओ.”

कुणीतरी सुचवलं की इथेच कौल लावा. काशीराम खवळला. “देव थंय गावात, मी हय आग्र्यात. पाकळी काय ह्या जवानाच्या छातीला लावू?”

मानकऱ्याआधी पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती. वरची वाडी एका भिंतीच्या सावलीत बसली, खालची वाडी दुसरीच्या. जपानी पर्यटक आले आणि आत जाऊन बाहेरही आले. महिपतरावांना प्रथम बरंच वाटलं. चालायला नको, गर्दी नको, सावली आहे. शेंगदाणे खाता खाता त्यांचं सहज लक्ष गेलं आणि त्यांनी धाकूभाऊंना हलवलं.

“धाकूभाऊ, आपली बायकामाणसं कुठायत?”

दोन्ही मानकऱ्यांनी माना वळवल्या. तपासणीला बायकांची रांग वेगळी होती, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या रांगेत मानाचा प्रश्न उभाच राहिला नाही, कारण बायकांना गावाने कसला मान कधी दिलाच नव्हता. रांग पुढे सरकली तशा त्या सरकल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळी त्या बाहेर आल्या तेव्हा जवान शिट्ट्या फुंकून दार लावायच्या तयारीत होता. सगळ्या एकदम बोलत होत्या. तुळसाकाकी तेवढ्या मागे वळून वळून पाहत होत्या. त्यांचे डोळे सुजले होते आणि चेहरा असा उजळला होता, की महिपतरावांनी तो लग्नानंतर पहिल्यांदाच नीट पाहिला.

“पयला पाऊल कुनी टाकला?” धाकूभाऊंनी दरडावून विचारलं.

“तुळसाकाकीनं!” बायका एका सुरात म्हणाल्या.

बाबाजींनी विचार केला. “म्हंजे वरच्या वाडीच्या मानकऱ्यानं नाय टाकला ना? मग आमची हरकत नाय.”

“तुमी नाय ना टाकला? मग आमची बी नाय,” धाकूभाऊंनी सुटकेचा श्वास सोडला.

काशीरामने तिथल्या तिथे निवाडा दिला. “मान ठरला. ताजमहालाची मानकरीण तुळसाकाकी. ती निगाल्याबिगर गावानं निगायचा नाय, नि तिच्या आदी कुनी आत पाऊल टाकायचा नाय.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. महिपतराव बंद होणाऱ्या दाराकडे पाहत राहिले. इतक्या लांब येऊन हाती फक्त शेंगदाण्याची टरफलं होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुठेतरी जावंसं वाटलं, आणि तेही अगदी मनापासून.

“कसा होता गो?” त्यांनी हळूच विचारलं.

“सांगून काय कळनार? बघायलाच पायजे.”

“मग आपण परत कधी यायचं?”

पदराने घाम टिपून तुळसाकाकी शांतपणे रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या.

“बघू,” त्या म्हणाल्या. “हंगाम बघून सांगते.”